ओल

जानेवारीत बेडगची सुगंधाबाई
मिरजेच्या मंडईत कोथिंबीर अक्षरशः ओतते.
दहाला तीन. "चौथी न्या वो, परत कुठं घिऊन जाऊ?"
मी चौथीही घेते.
मुळांना माती, म्हणजे थोडं बेडगही घरी येतं.

पूर्वी मी आणल्या आणल्या धुवायची.
तिसऱ्या दिवशी डबा उघडला की चिखल.

आणि हे कुणाला? मला.
हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझं हे सव्विसावं वर्ष.
चादर वाळली का, हे डोळ्याला कळत नाही.
बोटांना तर नाहीच, बोटं सवयीनं खोटं बोलतात.
हाताची मागची बाजू लावायची.
गार लागली तर आत अजून ओल आहे,
आणि घडीत ओल राहिली की कपाट बोलतं.
मगदूम सुपरवायझर रजिस्टरवर सही करायच्या आधी
नाकानं सही करायचे.

मग कोथिंबिरीला वेगळा न्याय कशाला?
निवडते. पिवळं पान एकही नको,
एक पिवळं चौघींना घेऊन जातं.
धोतराच्या जुन्या पानावर पंख्याखाली पसरते.
हाताची मागची बाजू.
गार? अजून अर्धा तास.
मग कालच्या पेपरात गुंडाळते,
वधू पाहिजे आतल्या अंगाला, निधन बाहेर.
झाकण अगदी घट्ट नाही.
बारा दिवस राहते. एकदा सोळा राहिली,
ते मी लाँड्रीत सगळ्यांना सांगितलं.

कढीपत्ता संकपाळांच्या झाडाचा.
तोडताना विचारते, पण तोडून झाल्यावर.
सावलीत वाळवायचा, उन्हात नुसता कागद होतो.

मेथी मी ठेवत नाही. मेथी त्याच दिवशी.

मुलगा कुपवाडला कंपनीत आहे, त्याला फ्रीजरची हौस.
कोथिंबीर वाटून त्यानं बर्फाच्या साच्यात घातली.
हिरवे चौकोन.
एक चुकून व्याह्यांच्या सरबतात गेला.
ते प्याले. काही बोलले नाहीत.
चांगली माणसं आहेत.

पुदिन्याचं तेवढं जमत नव्हतं.
पेपरात काळा पडायचा, डब्यात त्याला घाम फुटायचा.
खैरूनला सांगितलं.
ती रातपाळीला, मी दिवसपाळीला,
आमची गाठ सकाळी सहा चाळीस ते सात,
गरम मशीनच्या पाठीमागं,
एका कपातला चहा दोन बशांत.
म्हणाली, "तू त्याला निजवतीस. उभा ठेव त्याला."
सलाइनच्या रिकाम्या बाटलीचं तोंड कापून दिलं तिनं.
दोन बोटं पाणी, काड्या उभ्या, पाणी रोज बदलायचं.
"विसरलीस तर कुजंल,
आणि कुजलं तर माझं नाव सांगू नको."

मार्चमध्ये खैरून रिटायर झाली.
नारळ, स्टीलचा डबा,
आणि शिक्का नसलेली एक कोरी चादर, ती माझ्याकडून.
लेकीकडं विजापूरला गेली.
सहा चाळीसला मी मशीनच्या मागं जाते
आणि कप बशीत न ओतता तसाच पिते.

त्या आठवड्यात पाणी बदललं नाही.
पुढच्याही नाही.
एकटीला पुदिना लागतो किती?
खिडकीकडं बघायचंच टाळलं.

शेवटी बाटली फेकायला म्हणून उचलली.
कुजला नव्हता.
काड्यांना पांढरी मुळं सुटलेली,
टाक्याच्या दोऱ्यासारखी बारीक,
बाटलीच्या तळाशी गोल फिरून
परत वर निघालेली.
मी कात्री घेऊन तशीच उभी.

नळाजवळच्या फुटक्या टबात लावला.
विजापूरला फोन केला, म्हटलं, मूळ धरलं गं.
ती हसली. म्हणाली,
"मग आता ठेवायची काळजी गेली.
आता आवरायची कर. टब सोडून अंगणात येतोय का न्हाई बघ."

आता ड्यूटीला निघताना, चप्पल घालता घालता,
टबातल्या मातीला
हाताची मागची बाजू लावून बघते.

गार लागते.
असू दे.